बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) परत येतोय का, यावर नजर कशी ठेवतात? बडोद्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ट्रान्सप्लांटनंतरच्या मोठ्या तपासण्या आमच्याकडे होत नाहीत. आम्ही सॅम्पल घेतो, पॅक करून मुंबईला पाठवतो आणि रिपोर्ट आला की हातात देतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथली मराठी माणसं रिपोर्ट न्यायला आली की काउंटरवर उभ्या उभ्या जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं डोनरकडून घेतलेल्या, म्हणजे अ‍ॅलोजेनिक ट्रान्सप्लांटबद्दल आहेत. औषध चालू-बंद करणं तुमच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचं काम. रिपोर्ट उघडताना हातपाय गळू नयेत आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ट्रान्सप्लांट यशस्वी झालं म्हणाले. मग सारखं रक्त कशाला काढतात?

त्यांनी सांगितलं ते डोनरच्या पेशी रुजल्याबद्दल आणि काउंट वर आल्याबद्दल. आजार मुळासकट गेला की नाही, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

निदान होतं तेव्हा शरीरात साधारण एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात. कीमोनंतर मॅरोतले, म्हणजे हाडांच्या मगजातले ब्लास्ट (अपक्व पेशी) पाच टक्क्यांच्या खाली गेले आणि काउंट सुधारले की रेमिशन आलं, म्हणजे आजार दबला, असं म्हणतात. पण तेव्हाही हजार कोटींपर्यंत पेशी दडून राहू शकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसते. त्यातल्या बऱ्याचशा ट्रान्सप्लांटच्या आधीच्या जबर कीमोने मरतात. उरलेल्यांना मारायचं काम डोनरच्या लिम्फोसाइट (लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी करतात आणि ते काम महिनोन् महिने चालतं. ते नीट चाललंय का, हेच तपासण्यांमधून पाहतात. एएमएल आणि एएलएल या ल्युकेमियाच्या वेगाने वाढणाऱ्या दोन्ही प्रकारांत बहुतेक रिलॅप्स (आजार परतणं) पहिल्या दोन वर्षांत होतात, त्यातही पहिलं वर्ष जास्त जोखमीचं. म्हणून सुरुवातीला तपासण्यांची गर्दी असते.

सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) अगदी नॉर्मल आली आहे. तरी बोन मॅरो करायलाच हवी का?

हो. सीबीसी बिघडते ती सगळ्यात शेवटी. आजाराने मॅरोतली जागा अडवली, चांगल्या पेशी बनेनाशा झाल्या, की मग हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरतात. तोपर्यंत पाणी बरंच वाहून गेलेलं असतं.

नुसत्या सूक्ष्मदर्शकाची धाव शंभरात पाच पेशींपर्यंत. पेशींवरच्या खुणा लेझरने ओळखणारी फ्लो सायटोमेट्री दहा हजार पेशींत एक वाईट पेशी पकडते. रुग्णाच्या आजारात पीसीआरने (जनुकाच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या तपासणीने) मोजता येईल अशी पक्की जनुकीय खूण असेल, तर लाखात एक, कधी दहा लाखांत एक पेशीही सापडते. अशा उरलेल्या सूक्ष्म आजाराला आणि त्याच्या या बारीक शोधालाही एमआरडी म्हणतात. सीबीसी उत्तम असताना एमआरडीने आधीच इशारा दिला, तर हातात काही आठवडे, कधी काही महिने मिळतात. उपाय जास्त लागू पडतात ते याच काळात.

कोणती तपासणी केव्हा? एक ठरलेलं वेळापत्रक मिळेल का?

प्रत्येक केंद्राचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं आणि ते आजारावर ठरतं. ढोबळ मानाने, ट्रान्सप्लांटच्या दिवसापासून मोजून तिसाव्या, शंभराव्या, एकशे ऐंशीव्या दिवशी आणि वर्ष पूर्ण होताना मोठ्या तपासण्या होतात. सीबीसी सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, मग हळूहळू विरळ होत जाते.

एएमएलमध्ये एनपीएम१ सारखी जनुकीय खूण असेल, तर युरोपियन तज्ज्ञगटाच्या २०२१ च्या शिफारशीप्रमाणे दोन वर्षं दर तीन महिन्यांनी मॅरो किंवा दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासतात. फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह (म्हणजे बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं जनुक असलेला) एएलएल किंवा सीएमएल हा हळू वाढणारा प्रकार असेल, तर बीसीआर-एबीएलची पीसीआर ठरावीक अंतराने चालू राहते. खूण नसलेल्या रुग्णात भिस्त फ्लो सायटोमेट्री आणि कायमेरिझमवर (ते काय, हे पुढच्या प्रश्नात). तेव्हा शेजारच्या काकांना सहा महिन्यांनी बोलावलं आणि आपल्याला महिन्याने, म्हणून मनात पाल चुकचुकायचं कारण नाही. त्यांचा आजार वेगळा, त्यांची खूण वेगळी.

एमआरडी आणि कायमेरिझम एकच का?

नाही. आणि या दोन रिपोर्टांची सरमिसळ करून लोक जितके घाबरतात, तितके दुसऱ्या कशानेच घाबरत नसतील.

एमआरडीत आजाराची पेशी शोधतात. कायमेरिझममध्ये रक्त बनवणाऱ्या पेशी कुणाच्या आहेत ते पाहतात: किती टक्के डोनरच्या, किती टक्के रुग्णाच्या स्वतःच्या. बहुतेक ठिकाणी ही तपासणी एसटीआर पद्धतीने होते. डीएनएतल्या काही ठरावीक जागी छोटे तुकडे किती वेळा आलेत, ते माणसागणिक वेगळं असतं. पितृत्वाच्या खटल्यात हेच तंत्र वापरतात. त्यासाठी ट्रान्सप्लांटच्या आधीचं रुग्णाचं सॅम्पल आणि डोनरचं सॅम्पल दोन्ही हाताशी लागतात. डोनर बहीण आणि रुग्ण भाऊ असेल, तर एक्स आणि वाय क्रोमोसोम पाहणारी फिश तपासणीही चालते.

एसटीआरची नजर एमआरडीइतकी तीक्ष्ण नाही. एक ते पाच टक्क्यांच्या खालचं तिला नीट दिसत नाही. म्हणून कायमेरिझम पूर्ण डोनरचं असतानाही एमआरडी पॉझिटिव्ह येऊ शकते. उलटंही होतं. रुग्णाच्या स्वतःच्या काही निरोगी पेशी टिकून राहिल्या तर कायमेरिझम मिश्र येतं आणि आजाराचा मागमूसही नसतो.

गेल्या वेळी डोनर ९९ टक्के होता, आता ९२ आला. आजार परत आला का?

या एका आकड्यावरून सांगता येत नाही. साधारणपणे ९५ टक्क्यांच्या वर पूर्ण डोनर धरतात, म्हणून ९२ दिसला की लोकांना धडकी भरते. पण आधी दोन-तीन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली, सॅम्पल कशाचं होतं. गेल्या वेळी मॅरो आणि या वेळी रक्त असेल, तर ते दोन आकडे शेजारी ठेवायचेच नाहीत. दुसरी, कोणत्या पेशी मोजल्या. रिपोर्टात सीडी३ असं लिहिलेलं असेल तर ते टी पेशींचं कायमेरिझम. हलकं कंडिशनिंग (ट्रान्सप्लांटच्या आधीची कीमो) दिलेल्या रुग्णांत टी पेशी पूर्ण डोनरच्या व्हायला कित्येक महिने लागतात आणि त्यात फार काळजीचं काही नसतं. सीडी३३ (मायलॉइड) किंवा सीडी३४ (कोवळ्या) पेशींत रुग्णाचा वाटा वाढू लागला, तर मात्र एएमएलच्या डॉक्टरांचे कान टवकारतात, कारण एएमएल त्याच घराण्यातला. तिसरी गोष्ट म्हणजे चाल. ९९, ९२ आणि महिन्याने पुन्हा ९३, ही एक कथा. ९९, ९२, ८१ ही दुसरी. दुसऱ्या कथेत डॉक्टर वाट पाहत नाहीत. टक्का आठवड्या-आठवड्याने घसरत असेल, तर तो अमुक आकड्यावर येईपर्यंत थांबायचं नसतं.

एमआरडी पॉझिटिव्ह आली म्हणजे रिलॅप्स झालाच?

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा रिलॅप्स वेगळा आणि एमआरडीच्या पातळीवरचा वेगळा. एमआरडी निगेटिव्हची पॉझिटिव्ह झाली किंवा आधीच्या आकड्याच्या दहापट झाली, की डॉक्टर लवकरात लवकर दुसरं सॅम्पल मागवून खात्री करतात. ०.००१ चे ०.००२ झाले तर दुप्पट वाढ म्हणून घाबरतात लोक. प्रत्यक्षात तेवढा फरक त्याच नळीतलं रक्त दोनदा लावलं तरी येऊ शकतो. या तपासण्यांत वाढ दहाच्या पटीत मोजतात.

खूण कोणती, हेही महत्त्वाचं. एनपीएम१, बीसीआर-एबीएल, पीएमएल-रारा या खुणा पक्क्या. डब्ल्यूटी१ या जनुकाचं तसं नाही. ते निरोगी मॅरोतही थोड्या प्रमाणात असतं, म्हणून नुसत्या त्याच्यावर कुणी निर्णय घेत नाही.

माझ्या मुलीच्या रिपोर्टमध्ये 'हेमॅटोगोन' लिहिलंय. हे ब्लास्ट का?

नाही. त्या नव्याने तयार होणाऱ्या, निरोगी बी पेशींच्या लहान बहिणी. ट्रान्सप्लांटनंतर मॅरो पुन्हा जोमाने कामाला लागते तेव्हा त्या वाढतात, लहान मुलांत तर खूपच. रूपाने त्या एएलएलच्या ब्लास्टसारख्या दिसतात आणि नवशिक्याची फसगत होऊ शकते, म्हणूनच एमआरडीची फ्लो तपासणी त्या कामात मुरलेल्या लॅबकडूनच करून घ्यावी.

प्रत्येक वेळी त्याच लॅबचा आग्रह का? दुसरीकडे स्वस्त आहे.

आमच्याकडे एक ताई तीन रिपोर्ट घेऊन आल्या होत्या, तीन वेगवेगळ्या लॅबचे. सगळ्यांत बीसीआर-एबीएल. पहिल्यात आकडा आंतरराष्ट्रीय मापावर होता, दुसऱ्यात लॅबच्या स्वतःच्या मापावर, आणि तिसऱ्यात नुसतं 'डिटेक्टेड'. आजार वाढला की घटला, हे त्या तीन कागदांवरून देवालाही सांगता आलं नसतं. तिन्ही तपासण्यांचे पैसे मात्र गेले होते.

पीसीआरची संवेदनशीलता, फ्लोमध्ये वापरलेल्या अँटिबॉडी, मोजलेल्या पेशींची संख्या, सगळं लॅबगणिक बदलतं. आंतरराष्ट्रीय माप तर बीसीआर-एबीएलच्या पी२१० या प्रकारासाठीच ठरवलेलं आहे. एएलएलमध्ये जास्त आढळणाऱ्या पी१९० साठी ते लागू होत नाही. म्हणून फॉर्मवर कोणता प्रकार ते लिहिलेलं असावं. लॅब बदलावीच लागली, तर निदान एकदा तरी एकाच दिवशीचं सॅम्पल दोन्हीकडे पाठवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. मग जुन्या आकड्यांना नव्याशी जोडता येतं.

सॅम्पल बडोद्यातून मुंबईला जाईपर्यंत खराब होत नाही का?

होऊ शकतं, आणि माझ्या मते कुटुंबाने लक्ष घालावं अशी ही जागा आहे. पीसीआरला लागणारं आरएनए नाजूक असतं, नळीत पडून राहिलं की तुटत जातं. सॅम्पल शक्यतो २४ तासांत, जास्तीत जास्त ४८ तासांत लॅबच्या टेबलावर पोचावं. फ्लोला जिवंत पेशी लागतात, त्यामुळे तिथेही उशीर नको.

पीसीआर, फ्लो आणि कायमेरिझमसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी. क्रोमोसोमच्या तपासणीला हिरव्या झाकणाची हेपॅरिनची. हेपॅरिन पीसीआरला अडथळा आणतं, म्हणून हिरवी नळी पीसीआरला दिली की रिपोर्ट येतो 'सॅम्पल अयोग्य'. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळुवार उलटीपालटी करतात. जोरात हलवली तर पेशी फुटतात, न हलवली तर गुठळी होते. बाहेर ४२ डिग्री तापमान असताना मे महिन्यात आम्ही थंड पॅक घालतो, पण नळी आणि पॅकच्या मध्ये कापसाचा किंवा कागदाचा जाड थर ठेवतो, कारण गोठलेलं रक्तही वाया जातं.

मग कॅलेंडर. सोमवार ते बुधवार सकाळी दिलेलं सॅम्पल बिनबोभाट पोचतं. शुक्रवारी संध्याकाळी दिलेलं रविवारभर कुठल्या तरी गोदामात पडून राहण्याची भीती. उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी, आणि दिवाळीनंतर लाभपाचमपर्यंतचे दिवस तर सरळ सोडून द्यावेत. कुरिअरवाला पतंग उडवायला गच्चीवर असतो आणि सांगून ऐकत नाही. तारीख चार दिवस मागेपुढे करायला डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त आधी विचारा.

मॅरो पुन्हा पुन्हा काढायची भीती वाटते. रक्तावर नाही भागणार?

कधी भागतं. बीसीआर-एबीएल रक्तात चांगलं मोजता येतं. एनपीएम१ रक्तात मॅरोपेक्षा थोडं कमी दिसतं, म्हणूनच रक्त घ्यायचं तर जास्त वेळा घेतात. बी-एएलएलमध्ये मात्र मॅरोतला आजार रक्तात दहापट ते हजारपट कमी दिसू शकतो, तिथे मॅरोला पर्याय नाही.

पार्श्वभागाच्या वरच्या हाडातून ती काढतात. जागा बधिर केलेली असते, पण मॅरो ओढताना एक विचित्र, खोल कळ जाते. ती बधिर होत नाही. काही सेकंदांत संपते. डॉक्टरांना एक गोष्ट जरूर सांगा: पहिल्या ओढीतले दोन-तीन मिलिलिटर एमआरडीसाठी ठेवा. पुढच्या ओढीत रक्त मिसळत जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधीच कळवा.

अचानक प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्या. हा रिलॅप्स तर नाही?

असू शकतो. पण बडोद्यात ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात हा प्रश्न आला, की आधी आम्ही विचारतो: ताप आहे का? पाऊस ओसरला की डेंग्यू डोकं वर काढतो आणि विश्वामित्रीचं पाणी २०१९ आणि २०२४ सारखं घरात शिरलं तर विचारायलाच नको. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात डेंग्यूच्या अँटिबॉडी वेळेवर तयार होतीलच असं नाही, म्हणून एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) किंवा पीसीआर करून घेतात.

डेंग्यूशिवायही कारणं कितीतरी. सीएमव्ही हा विषाणू जागा होणं, त्यावर दिलेलं व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, रोजची सेप्ट्रान ही अँटिबायोटिक, प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट, जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावर हल्ला), आणि कधी नुसतीच अशक्त रुजलेली मॅरो. डॉक्टर आधी औषधांची यादी तपासतात, विषाणू पाहतात, पेरिफेरल स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) बघतात, आणि उलगडा झाला नाही की मॅरो आणि कायमेरिझम सांगतात.

तोवर घरी करायचं ते इतकंच: ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन करा. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन असलेली गोळी मनाने घेऊ नका. आणि स्थानिक दवाखान्यात प्लेटलेट चढवायची वेळ आलीच, तर रक्तपेढीला 'इरॅडिएटेड' (किरण दिलेलं) हवं हे स्वतः बजावून सांगा. साध्या रक्तातल्या दात्याच्या लिम्फोसाइट पेशी अशा रुग्णात जीवघेणी प्रतिक्रिया करू शकतात. इमर्जन्सीतल्या गडबडीत ज्युनियर डॉक्टरच्या लक्षात येईलच असं नाही, म्हणून आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी ते फाइलच्या पुठ्ठ्यावरच लाल पेनाने लिहून ठेवलंय.

रक्त आणि मॅरो दोन्ही ठीक, तरी आजार दुसरीकडे लपू शकतो का?

हो. मेंदूभोवतीचं पाणी, वृषण, त्वचा, हिरड्या, लसिकाग्रंथी, स्तन अशा ठिकाणी. डोनरच्या पेशींचा पहारा तिथे तितका कडक नसतो. त्यामुळे न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या, एकाचं दोन दिसणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, हनुवटी बधिर होणं, वृषणाला न दुखणारी सूज, निळसर-जांभळट गाठी, हिरड्या फुगणं, यांतलं काहीही असलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पुरुषमंडळी वृषणाबद्दल लाजून बोलत नाहीत. लाजू नका, डॉक्टरांना त्यात नवीन काही नसतं. अशा वेळी पाठीतलं पाणी तपासतात किंवा पेट स्कॅन करतात.

सायक्लोस्पोरिन कमी करताहेत. त्याने आजार परत येणार नाही ना?

उलट. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही औषधं डोनरच्या पेशींना लगाम घालतात, म्हणजे त्या रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करणार नाहीत. तो हल्ला म्हणजे जीव्हीएचडी. पण त्याच पेशी ल्युकेमियालाही मारतात. हे संशोधनातून १९७९ पासून माहीत आहे: ज्यांना जीव्हीएचडी झाला त्यांच्यात रिलॅप्स कमी दिसला. हुबेहूब (एकाच बीजाच्या) जुळ्या भावंडाची मॅरो दिली तर जीव्हीएचडी जवळपास होत नाही, पण रिलॅप्स जास्त होतात.

म्हणून धोका जास्त असलेल्या रुग्णात डॉक्टर लगाम लवकर सैल करतात, आणि एमआरडी वर यायला लागली तर बऱ्याचदा पहिलं पाऊल तेच असतं. 'थोडं अंगावर पुरळ आलेलं चांगलं' असं वॉर्डात ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, पण म्हणून पुरळ, जुलाब किंवा कावीळ घरी लपवून ठेवायची नाही.

सायक्लोस्पोरिनची पातळी तपासायची असेल त्या सकाळी रक्त देईपर्यंत गोळी घेऊ नका. हे आम्ही रोज सांगतो आणि तरी रोज कुणीतरी गोळी घेऊनच येतं.

गुळवेलीचा काढा चालेल? आणि गणपतीतलं पपनस?

दोन्ही नको. पपनस ग्रेपफ्रूटच्या नात्यातलं आहे, त्याने सायक्लोस्पोरिनची पातळी वाढते. गुळवेल प्रतिकारशक्ती चाळवते असं मानतात, आणि इथे ती औषधं देऊन मुद्दाम दाबलेली असते. शिवाय गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनीच प्रसिद्ध केल्या आहेत. काविळीचं कारण जीव्हीएचडी, औषध की काढा, हे शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये. रात्री लारीवरची सेव-उसळ निदान गोळ्या बंद होईपर्यंत विसरा. घरी करून गरम गरम खा.

रिलॅप्स सापडलाच तर पुढे काय? काही उपाय उरतो का?

उरतो. किती आणि कोणता, हे आजार केवढा असताना सापडला यावर बरंच अवलंबून असतं.

लगाम सैल करणं सांगितलंच. त्यापुढे डीएलआय, म्हणजे डोनरच्या लिम्फोसाइट पेशी पुन्हा चढवणं. म्युनिकचे हान्स-योखेम कोल्ब यांनी १९९० मध्ये सीएमएलच्या तीन रुग्णांवर ते प्रथम करून दाखवलं. हल्ली थोड्या मात्रेपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात, कारण जीव्हीएचडी उसळायची भीती असते. एएमएलमध्ये अ‍ॅझासायटिडिन, सोबत कधी व्हेनेटोक्लॅक्स. एफएलटी३ जनुकात बिघाड असेल तर जिल्टेरिटिनिब किंवा सोराफेनिब. फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह असेल तर इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, पोनॅटिनिब. बी-एएलएलमध्ये ब्लिनाट्युमोमॅब; ते तर एमआरडीच्या पातळीवर, आजार थोडा असतानाच जास्त उपयोगी. कार-टी (रुग्णाच्याच टी पेशी बदलून ल्युकेमियावर सोडणं) उपचारासाठी आता परदेशी जावं लागतंच असं नाही: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. काहींना दुसरं ट्रान्सप्लांट करतात.

हाफ-मॅच, म्हणजे हॅप्लो ट्रान्सप्लांट झालेल्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: 'एचएलए लॉस तपासलं का?' मिलानच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की ल्युकेमिया पेशी रुग्णाचा डोनरशी न जुळणारा एचएलएचा (पेशींवरच्या ओळखखुणांचा) अर्धा भाग टाकून देऊ शकतात. डोनरच्या पेशी त्यांना ज्या खुणेने ओळखत होत्या ती खूणच गेली, मग त्याच डोनरचा डीएलआय वाया जातो आणि जीव्हीएचडीचा धोका तेवढा पदरात पडतो. आपल्याकडे हॅप्लो ट्रान्सप्लांट बरीच होतात, म्हणून हे माहीत असावं.

भावाचा ब्लड ग्रुप ए पॉझिटिव्ह होता, आता ओ दाखवतंय. लॅबची चूक?

चूक नाही. डोनरचा ग्रुप ओ असेल तर काही महिन्यांत रुग्णाचाही ओ होतो. मधल्या काळात कोणत्या ग्रुपचं रक्त द्यायचं ते ट्रान्सप्लांट केंद्राच्या लेखी सूचनेवरूनच ठरवायचं. जुनं रक्तगटाचं कार्ड पाकिटातून काढून टाका. गालाच्या आतून घेतलेल्या डीएनएच्या सॅम्पलमध्येही डोनर डोकावतो, हे एक वेगळंच प्रकरण.

फाइल कशी ठेवायची?

तारखेप्रमाणे लावलेले कागद पुरेसे नाहीत. एका ओळीत तारीख, सॅम्पल रक्त की मॅरो, लॅब, पद्धत, आकडा, त्या दिवशी चालू असलेली औषधं, असा एकच तक्ता करा. वहीत केला तरी चालेल. चाल एका नजरेत दिसते आणि ओपीडीत डॉक्टरांना मिळणारी पाच मिनिटं कागद चाळण्यात जात नाहीत. निदानाच्या वेळचा जनुकीय रिपोर्ट सगळ्यात वर. आजाराची खूण त्यात आहे आणि पुढची प्रत्येक एमआरडी तिच्यावर उभी आहे. तो हरवला असेल तर आजच जुन्या दवाखान्यातून काढून आणा.

रिपोर्ट वाईट आला तर पेशंटला सांगू नका, असं घरचे म्हणतात.

काउंटरवर हे फार वेळा कानावर येतं: 'ताई, दादांसमोर बोलू नका हं.' माया समजते, पण मला ते पटत नाही. सज्ञान माणसाच्या शरीराचा रिपोर्ट त्याचाच. आणि ज्याला माहीत नाही, तो हनुवटीचा बधिरपणा कुणाला सांगणार? कसं सांगायचं ते डॉक्टरांवर सोडा, तेही हवं तर सगळ्यांना समोर बसवून.

पाच वर्षं झाली. आता सुटका?

ल्युकेमियापुरती बरीचशी. पाच वर्षांनंतरचा रिलॅप्स विरळा, शून्य नव्हे. वर्षातून एकदा जाणं सोडू नका, कारण आता नजर दुसऱ्या गोष्टींवर असते: थायरॉइड, हाडं, मोतीबिंदू, हृदय, तोंडातले आणि त्वचेचे नवे कर्करोग. तंबाखू-मशेरीला कायमची रजा.

दर वेळी मुंबई गाठणं परवडत नाही. काही सवलत आहे का?

आधी डॉक्टरांना विचारा की कोणती फेरी इथे रक्त देऊन आणि फोनवर बोलून भागेल. पहिलं वर्ष सरल्यावर बऱ्याच केंद्रांना ते चालतं. मॅरो, जीव्हीएचडीची तपासणी आणि औषध बदल यांसाठी मात्र प्रत्यक्ष जावं. काही कुटुंबं मधल्या तपासण्या अहमदाबादच्या जीसीआरआय या कॅन्सर रुग्णालयात करून घेतात. तसं करायचं तर वर सांगितलेला लॅब बदलण्याचा मुद्दा ध्यानात ठेवा.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचार किंवा फेरतपासणीच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण भाडेमाफी आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के. त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या दवाखान्याकडून घ्यावं लागतं. पुढची तारीख मिळते त्याच दिवशी, निघायच्या आधी, ते भरून शिक्का मारून घ्या. नंतर त्या एका शिक्क्यासाठी पुन्हा मुंबईची चक्कर पडते.